वैद्यशाळेच्या एका जागेची हकीकत

श्री

जो सूर्य राजाच्या गच्चीवर आणि गरिबाच्या ओट्यावर एकच ऊन पाडितो, आणि तरी कोणाचे अंगण उजळ व कोणाचे काळोखाचे राहते याचा जाब ज्यास कोणी पुसत नाही, त्यास प्रथम नमस्कार करून ही हकीकत लिहिण्यास आरंभ केला. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सर, ते समयी एका राज्यात थोरल्या राणीसाहेब गादीवर होत्या. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. राणीसाहेब धर्मिष्ठ, न्यायी, बोलणे थोडके. त्यांची एकुलती कन्या पहिल्या बाळंतपणात अडली, आणि दाराशी राज्यातील नामांकित वैद्य उभे होते, परंतु पुरुष म्हणून त्यांस आत जाता येईना, आणि आत ज्या बाया होत्या त्यांस उपाय सुचेना, आणि दाराच्या अलीकडे विद्या व पलीकडे मरण ऐसे बराच वेळ चालून कन्या गेली. मग सुतक फिटताच राणीसाहेबांनी दरबार भरविला आणि आज्ञा केली की, राजधानीत वैद्यशाळा बांधावी, आणि दर परगण्यातून एक मूल निवडून आणावे, मुलगा असो की मुलगी, जात पाहू नये, घराणे पाहू नये, वशिला तर मुळीच पाहू नये, सोळा वर्षांच्या आतील जे मूल परीक्षेत सरस ठरेल त्यास जागा द्यावी, आणि त्याचा सर्व खर्च सरकारातून चालावा. ही आज्ञा दगडावर कोरून शाळेच्या दरवाजावर बसविली. अक्षर उत्तम, वळण सुरेख. दगडास काय, जे कोरावे ते तो धरून बसतो. पाळण्याचे काम मनुष्यांकडे राहिले आणि तेथून पुढील सर्व घडले.

राज्याच्या सरहद्दीस डोंगराच्या कुशीत एक परगणा, तेथील देशमुख हैबतराव. यांनी तरुणपण लष्करात घालविले. एका लढाईत घोडा अंगावर पडून मांडी मोडली ती नीट बसली नाही, तेव्हापासून उजवा पाय ओढीत चालत. पत्नी लवकर निवर्तल्या, मागे एकच चिरंजीव, त्यांचे नाव सुभानजी. सुभानजीस घोड्याखेरीज दुसरे वेड नव्हते. घोडा दिसला की भरल्या ताटावरून उठत, आणि जे अडेल शिंगरू कोणास जवळ फिरकू देत नसे ते यांच्या खांद्यावर मान टाकून उभे राही. एके समयी सरकारी पागेचे सरदार पाहुणे आले होते, ते हे पाहून म्हणाले, "हैबतराव, पोरगा आम्हास द्या, सोने करू." हैबतरावांनी हसून विषय मोडिला, आणि पाहुणे गेल्यावर चिरंजीवास जवळ बसवून म्हणाले, "आम्ही जन्म खोगिरावर घातला आणि त्यात काय मिळाले ते हा पाय सांगतो. तुला पागेत जायचे नाही. तू राजवैद्य होशील, पालखीत बसशील, मोठमोठे सरदार तुझ्यापुढे हात करून नाडी दाखवितील." सुभानजी म्हणाले, "आबासाहेब, मला रक्त पाहवत नाही." हैबतराव म्हणाले, "पाहून पाहून पाहवते. पहिल्या लढाईत मलाही पाहवले नव्हते." बापाच्या बोलण्यात माया होती, ही गोष्ट खरी. माया नसती तर मुलास सामना करणे सोपे गेले असते.

त्याच गावी लखमाई म्हणून सुईण राहत असे. परगण्यातील निम्मी माणसे तिच्या हातावर जगात आली, खुद्द सुभानजीही. तिची लेक तुळजा, सुभानजींच्याच वयाची, आईबरोबर बाळंतिणींच्या घरी जाऊन जाऊन शहाणी झालेली, बोलण्यास तिखट, पाठांतरास विलक्षण. राणीसाहेबांची आज्ञा परगण्यात पोहोचली तेव्हा नरसिंहशास्त्री म्हणून वृद्ध वैद्य देवीच्या देवळात मुलांस शिकवू लागले, आणि परीक्षा घेऊन एक नाव सरकारात कळविण्याचा अधिकारही त्यांसच आला. शास्त्रीबोवा सज्जन. आज्ञा होती म्हणून तुळजेस त्यांनी नाही म्हटले नाही, परंतु पोथी तिच्या हाती देत नसत. मग शास्त्रीबोवा घरी गेले म्हणजे सुभानजी पायरीवर बसून पोथी मोठ्याने वाचीत आणि तुळजा ऐकून पाठ करी, आणि यांचे वाचणे चुकले की तीच सांभाळून घेई. एके दिवशी सुभानजी पोथी मिटून म्हणाले, "तुळजे, मला यातले काही नको आहे. जागा तुझी. तू शाळेत जा, मी पागेत जाईन, दोघांचेही भले होईल." तुळजा म्हणाली, "धाकलं सरकार, देवीच्या दारात बोललात. आता फिरू नका." सुभानजी म्हणाले, "फिरणार नाही." आणि बोलले ते मनापासून बोलले.

पुढे परीक्षेचा दिवस नेमिला. चावडीपुढे मांडव, जाजम, गावोगावचे पाटील व कुळकर्णी जमले, मुले पुढे बसली. सुभानजींनी मनात योजिले होते की बापास नाही म्हणण्याचे धैर्य होत नाही तर निदान परीक्षेत चुकावे, म्हणजे काम आपोआप होईल. मग शास्त्रीबोवांनी विचारिले, "ज्वर किती प्रकारचे?" सुभानजी म्हणाले, "दोन. एक येतो तो आणि एक जातो तो." लोक हसले. पुन्हा विचारिले, "बाळंतिणीस पहिले तीन दिवस काय द्यावे?" सुभानजी म्हणाले, "हरभरे." ते घोड्याचे खाणे, म्हणून लोक आणखी हसले, आणि हैबतराव मात्र हसले नाहीत. नंतर तुळजा उभी राहिली आणि जे जे पुसले ते ते तिने सांगितले, कोठे अडली नाही, आणि एका प्रश्नास तर म्हणाली की पोथीत असे आहे, परंतु आमच्या आईचा अनुभव निराळा आहे, दोन्ही सांगते.  सुभानजींस वाटले की झाले, सुटलो.

त्या दिवशी दुपारचे जेवण शास्त्रीबोवांनी हैबतरावांकडे घेतले. हैबतरावांनी धमकी दिली नाही, लाच दिली नाही, आवाजसुद्धा चढविला नाही. विडा पुढे करून इतकेच म्हणाले, "शास्त्रीबोवा, मुलगी हुशार आहे, मी नाही म्हणत नाही. परंतु परक्याचे धन. उद्या लग्न होऊन कोठल्या गावी जाईल, सासरचे लोक वैद्यकी करू देतील की चूल फुंकायला लावतील, कोणी सांगावे. परगण्यास जागा एक. ती वाया घालविली तर न्याय कोणाचा झाला? माझा पोरगा आज बावरला, उद्या शिकेल, आणि कोठेही गेला तरी या मातीस परत येईल." शास्त्रीबोवा पुष्कळ वेळ सुपारी चघळीत बसले. त्यांस वाटले, बोलणे वावगे नाही. अन्याय तरवार घेऊन दाराशी आला तर मनुष्य दार लावितो, आणि शहाणपणाचे बोलणे घेऊन आला तर पाट मांडून बसवितो. ऐसा तो बसला. तिसऱ्या प्रहरी शास्त्रीबोवांनी सभेत सुभानजींचे नाव सांगितले आणि कारण दिले की, उत्तरे चुकली तरी मुलाची वृत्ती निर्भय आहे, वैद्यास ती अवश्य. मग तुळजा उठून विचारू लागली, "शास्त्रीबोवा, माझं काय चुकलं?" शास्त्रीबोवा म्हणाले, "चुकले काही नाही." ती म्हणाली, "मग?" तेव्हा शास्त्रीबोवांनी तिच्याकडे न पाहता उत्तर दिले, "मुली, चुकले नाही म्हणजे मिळालेच, ऐसे नसते." लखमाईने लेकीचा हात धरून तिला खाली बसविले. सुभानजी सर्व ऐकत होते. जीभ टाळूस चिकटली होती. एक वेळ उठावे आणि सांगावे की मी जाणून चुकलो, मला ही जागा नको, ऐसे मनात आले, आणि बापाचा तो ओढता पाय दृष्टीस पडला आणि उठले नाहीत. इतकाच काय तो वेळ होता, आणि तो गेला.

निघण्याच्या दिवशी पाणवठ्याच्या वाटेवर तुळजा भेटली. सुभानजी म्हणाले, "मी मुद्दाम चुकलो होतो, तुला ठाऊक आहे." ती घागर खाली न ठेवता म्हणाली, "मुद्दाम चुकलात ते समद्यांनी ऐकलं. मुद्दाम बोलला असता तर कुणी ऐकलं असतं का, ते आता कळायचं न्हाई." आणि पुढे गेली.

सुभानजी राजधानीस दाखल झाले. शाळा भव्य, फरसबंदी चौक, मध्ये औषधींची बाग, आणि एका अंगास खास मुलींकरिता बांधिलेल्या ओवऱ्या. परंतु परगण्यापरगण्यात हैबतराव होते आणि परगण्यापरगण्यात विडे होते, सबब मुलगी एकही आली नाही. मग ओवऱ्या रिकाम्या कशास ठेवाव्या म्हणून तेथे हिरडे आणि बेहडे वाळत घालू लागले. कोणी पाहुण्याने विचारिले तर शाळेचे मुख्य खेदाने सांगत, "काय करावे, सरकारांनी सोय केली, मुली येतच नाहीत." सुभानजी रोज त्या ओवऱ्यांवरून जात आणि रोज तो तुरट वास नाकात जाई. शिकणे चालले होते, परंतु मन लागत नव्हते. पहिल्याने गळू फाडिताना घेरी आली, मग येईनाशी झाली. बापाचे म्हणणे इतके खरे ठरले की रक्त पाहवू लागले, दुसरे काही ठरले नाही. वर्षे गेली, सनद मिळाली, सरकारी शिक्का झाला, आणि परगण्याचे वैद्य म्हणून सुभानजी गावी परत आले. हैबतरावांनी वेशीपासून वाजत नेले. पालखीत बसविले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांस पाणी आले होते, आणि पालखीत बसून सुभानजी भोयांच्या पायांकडे पाहत होते.

आता तुळजेचे सांगतो. परक्याचे धन म्हणून जिला जागा दिली नाही, तिचे लग्न गावातच झाले. दादला लष्कराबरोबर गेला तो परतला नाही, मूलबाळ झाले नाही, आणि ती एक दिवस गाव सोडून कोठे गेली नाही. लखमाईची दृष्टी गेली होती, सबब सर्व परगण्याची बाळंतपणे तुळजाच करीत असे. सुभानजी आले तेव्हा ती सर्वांबरोबर वेशीवर उभी राहून पाहत होती. कपाळावर आठी नाही, तोंडावर हसू नाही. येथवर जे झाले ते एका मुलीपुरते झाले होते. परंतु पुढे राजधानीत विचार झाला की, इतकी वर्षे खर्च करून सनदी वैद्य तयार केले, आणि लोक अद्याप भोंदू, मांत्रिक, हाडवैद्य यांकडे जातात, हे बरे नव्हे. मग आज्ञा सुटली की ज्यास सनद नाही त्याने वैद्यकी करू नये, औषध देऊ नये, बाळंतपण करू नये, केल्यास दंड. नेम सर्वांस सारखा, त्यात राव रंक पाहिला नाही. परगण्यावर रावजी मुकुंद म्हणून ठाणेदार होते, तरुण, कामास चोख, त्यांनी त्याच दिवशी दवंडी पिटविली आणि तुळजेस चावडीवर बोलावून सांगितले की यापुढे कोणाच्या उंबऱ्यात पाऊल टाकलेस तर गावाबाहेर काढीन. तुळजा म्हणाली, "आणि बायांनी काय करायचं?" ठाणेदार म्हणाले, "सरकारांनी वैद्य दिला आहे." घरी आंधळी लखमाई हे ऐकून भिंतीकडे तोंड करून निजली ती त्याच पंधरवड्यात गेली. तुळजा लोकांचे दळण दळू लागली.

सरकारांनी वैद्य दिला होता ही गोष्ट खरी, परंतु बाया त्यास आत घेत ना. सुभानजी पडद्याबाहेर उभे राहत, नवऱ्यास लक्षणे पुसत, नवरा आत जाऊन सासूस पुसे, सासू सुनेस पुसे, आणि उत्तर त्याच वाटेने परत येई तोवर वेळ टळून जाई. जे राणीसाहेबांच्या कन्येचे झाले होते तेच आता घरोघर सनदेसह होऊ लागले. एकदा एक कोवळी पोर ऐसीच पडद्याआड प्राण सोडून गेली, आणि बाहेर सुभानजी औषधाची वाटी हाती धरून उभे होते. तेथून उठून ते थेट ठाणेदारांकडे गेले आणि म्हणाले, "तुळजेस सनद द्या. माझ्याहून तिची गरज अधिक आहे." ठाणेदार म्हणाले, "सुभानजीराव, सनद मी देत नाही, शाळा देते. इतकी जाणती आहे तर त्या वेळी शाळेत का गेली नाही? सर्वांस वाट खुली होती." सुभानजींनी पायांत जोडा घातला आणि परत आले.

पुढे एक वर्षाने ठाणेदारांच्याच पत्नी उमाबाई यांस दिवस गेले होते ते भरले. पहाटे वेणा सुरू झाल्या आणि सूर्य माथ्यावर आला तरी सुटका होईना. सुभानजींस बोलाविले, ते पडवीत बसून राहिले. आतून उमाबाई म्हणू लागल्या, "पुरुष नको. तुळजेस आणा." ठाणेदारांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. दोन वेळा ऐसे झाले. तिसरे वेळी आतला आवाज निराळाच आला, आणि ठाणेदारांचा चेहरा उतरला, आणि बाहेर येऊन सुभानजींस म्हणाले, "आणा तिला." सुभानजी म्हणाले, "आज्ञा आपलीच आहे." ठाणेदार म्हणाले, "आज्ञा दाराबाहेर राहू द्या. तुमच्या पायां पडतो." मग सुभानजी शिपाई न पाठविता स्वतः धावत गेले. तुळजा जात्यावर बसली होती. निरोप ऐकून म्हणाली, "माझ्यापाशी सनद कुठाय?" सुभानजी म्हणाले, "माझ्या सनदेवर ये. माझ्या नावाने ये." ती म्हणाली, "तुमच्या नावानं आत गेले आणि बाई हाताची गेली, तर कुणाच्या नावानं बाहेर येऊ?" सुभानजी म्हणाले, "माझ्याच." तिने यांच्याकडे नीट पाहिले, आणि पीठ झटकून उठली, आणि वाटेने चालताना म्हणाली, "तुमच्या शब्दावर येत न्हाई, तेवढं ध्यानात ठेवा. ती बोलावतीय म्हणून येतीय."

तुळजा आत गेली. मूल आडवे होते. ते तिने हळूहळू फिरविले आणि दिवस कलण्यापूर्वी मुलगा झाला आणि रडला, आणि पडवीत ठाणेदार मटकन खाली बसून हसू लागले. परंतु उमाबाईंचे रक्त थांबेना. तुळजा आतून ओरडून सांगे ते औषध सुभानजी बाहेर कुटून देत होते, दोघांनी मिळून जे करता येते ते सर्व केले, आणि दिवेलागणीस उमाबाई गेल्या. तुळजा बाहेर येऊन म्हणाली, "सकाळी बोलवायचं हुतं."  हे वाक्य ठाणेदारांच्या काळजात गेले आणि तेथे राहिले. मनुष्यास दुःख सोसते, दुःखात आपला वाटा आहे हे सोसत नाही. तेराव्यानंतर ठाणेदारांनी सरकारात फिर्याद दिली की, बेसनदी बाईने मनाई असता घरात शिरून पत्नीचा घात केला.

राजधानीहून बोलावणे आले. निघण्याच्या आदल्या दिवशी हैबतराव काठी टेकीत चिरंजीवांपाशी आले. आता फार थकले होते. म्हणाले, "एवढेच म्हण, की ती आपणहून आली. ठाणेदार तुझे नाव घेत नाही, तू कशास घेतोस? तिचे काय, दळण दळत होती, दळील. तुझे सारे जाईल." सुभानजी म्हणाले, "आबासाहेब, मागेही मी गप्प बसलो होतो." हैबतराव म्हणाले, "ते तुझ्या भल्याकरिता." सुभानजी म्हणाले, "होय. आणि ते भले आजवर मी पाठीवर घेऊन हिंडतो आहे. आपण मांडी मोडून घेतली, ती निदान आपली होती." म्हातारा काठी बाजूस ठेवून खाली बसला, आणि म्हणाला, "मला वाटले होते, तू सुखात राहशील." सुभानजींनी बापाचा पाय मांडीवर घेऊन चेपला, आणि सकाळी निघून गेले.

राणीसाहेब आता वृद्ध झाल्या होत्या, तरी न्याय स्वतः करीत. दरबारात सुभानजी उभे राहिले आणि या वेळी जीभ टाळूस चिकटली नाही. तुळजेस आपण बोलाविले, ठाणेदारांच्या सांगण्यावरून बोलाविले, हे सांगितले, आणि तेथेच न थांबता ती परीक्षा, ते हरभऱ्याचे उत्तर, तो विडा, ओवऱ्यांतले हिरडे, सर्व सांगितले. ठाणेदारांनी मान खाली घातली. राणीसाहेबांनी शाळेच्या मुख्यांकडे पाहिले, तेव्हा ते म्हणाले, "सरकार, मुली येतच नाहीत." राणीसाहेबांनी त्यांच्यावरून दृष्टी काढिली. मग तुळजेस विचारिले, "बाई, तुझे काय म्हणणे?" सर्वांस वाटले की ती क्षमा मागेल किंवा न्याय मागेल. तुळजा म्हणाली, "मला शाळेत घ्या." दरबारात कोणी हसले नाही. राणीसाहेबांनी मुख्यांकडे पाहिले. मुख्य हात जोडून म्हणाले, "सोळा वर्षांच्या आतील, ऐसी दगडावर आज्ञा आहे. हिचे वय दुप्पट झाले." राणीसाहेब तुळजेस म्हणाल्या, "तुझ्यावर अन्याय झाला हे मला दिसते. परंतु आज तुझ्याकरिता नेम मोडला तर उद्या दुसरा कोणी आपल्या लेकाकरिता मोडून मागेल, आणि मग वशिला आणि न्याय यांत भेद तो काय राहील?" तुळजा म्हणाली, "माझ्या येळंला मोडला, तवा कुणी हे इचारलं न्हाई." राणीसाहेबांनी डोळे मिटले. मग निवाडा केला तो ऐसा: बेसनदी काम केले हा बाईचा अपराध, बेसनदी मनुष्यास काम दिले हा वैद्याचा अपराध, दोघांस शिक्षा समान. दोघांनीही यापुढे जन्मभर वैद्यकी करू नये. ठाणेदारांची बदली. ओवऱ्या झाडून रिकाम्या कराव्या. निवाडा ऐकून लोक म्हणाले, काय चोख न्याय, देशमुखाचा लेक आणि सुइणीची लेक, तराजूत तीळभर फरक नाही.

सनद दरबारात ठेवून सुभानजी बाहेर आले, आणि पायऱ्या उतरताना त्यांस अंग हलके वाटू लागले, आणि का हलके वाटते हे ध्यानात येताच अशी लाज वाटली की तेथेच खांबास धरून उभे राहिले. ज्या शिक्षेची पंधराव्या वर्षापासून इच्छा केली ती सरकारांनी आज दिली होती. ज्या पागेच्या सरदारांनी पूर्वी त्यांस मागितले होते, त्यांचा मनुष्य निवाडा ऐकून बोलावण्यास बाहेर उभाच होता. तुळजा मागून आली. तिने ते पाहिले. दोघे एकाच गाडीने गावी निघाले. घाटात बैल सोडले तेव्हा सुभानजी म्हणाले, "मी बोललो ते तुझ्याकरिता बोललो. असे होईल ऐसे वाटले नव्हते." तुळजा म्हणाली, "बोललात ते बरं केलंत. त्यात काही वाईट न्हाई." मग सुभानजींनी विचारिले, "तू आता काय करशील?" ती खालच्या गावांकडे पाहत होती. संध्याकाळची धुरकट चूल घरोघर पेटत होती. म्हणाली, "बाया येतील. दार वाजवतील. आन् मी आत गप बसून राहीन. मला समदं येत हुतं, तेवढं शिकायचं ऱ्हायलं हुतं."

तात्पर्य. सुभानजी पागेत गेले, नामांकित झाले, पुढे लोक त्यांचे नाव काढितात ते घोड्यांवरून काढितात, वैद्यकीचे कोणी काढीत नाही. हैबतराव त्याच साली निवर्तले. राणीसाहेबांच्या मागे ओवऱ्यांत पुन्हा हिरडे आले. परगण्यास दुसरा सनदी वैद्य मिळाला, तो पडद्याबाहेर उभा राहतो. ज्यास नको त्यास मिळाले, जिला हवे तिला मिळाले नाही, आणि नेम मात्र कोठे मोडला नाही. तुळजेचे दार रात्री अपरात्री वाजत असे, हे गावातील पुष्कळांस ठाऊक आहे. ते उघडत असे की नाही हे लिहिणारास ठाऊक नाही. ठाऊक असते तरी येथे लिहिले नसते, कारण सरकारची मनाई अद्याप चालू आहे. लेखनात उणेअधिक असेल ते लेखणीचे समजावे, घडले त्यात उणे काही नाही.